वेलस्ली कुठला? इंग्रजी आडनावात लपलेलं गाव शोधायचं कसं

आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफ्राबादच्या बाजूला असई म्हणून गाव आहे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. 23 सप्टेंबर 1803 ला इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, इंग्रजांच्या बाजूनं होता आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. शाळेत हे सगळं सनासकट पाठ केलेलं. पण दोन वर्षांमागं असईला गेलो तेव्हा पारावर एक म्हातारे बाबा भेटले, सगळी लढाई ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यो वेलस्ली कुठला म्हणायचा?" मी म्हटलं इंग्लंडचा. तर म्हणाले, "देश नाही इचारला, गाव इचारलं."

आपल्याकडं पाहुणा दारात आला की पहिला प्रश्न हाच असतो, कुठले तुम्ही? आणि उत्तर बहुतेक वेळा आडनावातच असतंय, पैठणकर, औसेकर, देगलूरकर, गंगाखेडकर. इंग्रजांचंही तसंच आहे हे मला माहीतच नव्हतं, न्यूटन, वॉशिंग्टन, लिंकन, प्रेस्टन, सगळी गावांची नावं! बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जी पद्धत हाताला लागली ती इथं लिहितोय. जुन्या चर्चमधल्या पाटीवर, कबरीच्या दगडावर नाहीतर इतिहासाच्या पुस्तकात एखादं इंग्रजी आडनाव दिसलं आणि त्याचं गाव काढायचं असेल तर उपयोग होईल, मोबाईल आणि थोडा धीर असला की घरबसल्या जमतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. गावाचं आडनाव गावात असताना पडत नाही. पैठणमधे सगळेच पैठणचे, तिथं कुणाला पैठणकर म्हणून ओळखणार? माणूस पैठण सोडून दुसऱ्या गावी ऱ्हायला गेला की तिथले लोक म्हणतात तो पैठणचा आलाय, तो पैठणकर. इंग्लंडातही साध्या माणसांची गावावरची आडनावं अशीच पडली, म्हणजे ते आडनाव पहिल्यांदा जिथल्या कागदात सापडतं ते गाव आणि आडनावातलं गाव ही दोन वेगळी ठिकाणं असणार, आणि ही दोन्ही शोधायची असतात. दुसरा प्रकार वतनदारांचा. ज्याच्याकडं गावाची मालकी तो तिथंच राहूनही गावाचं नाव लावायचा, जसं आपल्याकडं पाटील निलंगेकर. 1066 ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या सरदारांनी ही पद्धत आणली, नावापुढं फ्रेंच 'द' लावायचे, त्याचा अर्थ 'चा', अमुक गावचा. पुढच्या तीनशे वर्षांत ही रीत खाली साध्या लोकांपर्यंत पोचली आणि साधारण 1400 पर्यंत इंग्लंडातल्या बहुतेक घरांना बापाकडून पोराकडं जाणारं पक्कं आडनाव आलं, तोवर 'द' बी गळून गेला होता. त्यामुळं हातातलं आडनाव मालकीचं की गाव सोडून आलेल्याचं हे आधी ठरवायचा प्रयत्न करा, शोधायची दिशा त्यावरून बदलते.

आता आडनाव फोडायचं. शेपटीकडून सुरू करा, कारण आपल्या गाव, वाडी, पूर, खेड सारखीच त्यांच्याही गावांच्या शेपट्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त भेटणारी शेपूट 'टन'. जुन्या इंग्रजीत तिचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, मग त्यातली घरं-गोठे, मग वस्ती, मग गाव. परभणी-हिंगोलीकडं शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात आणि आखाडा बाळापूर तर चांगलं मोठं गाव आहे, अगदी तसाच हा प्रवास. म्हणून न्यूटन म्हणजे नवं गाव, आपल्या भाषेत नवगावकर! प्रेस्टन म्हणजे पाद्र्यांचं गाव, सटन दक्षिणेकडचं, नॉर्टन उत्तरेकडचं. 'ली' म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, जिथून बैलगाडी पाण्यातून पार होते, ऑक्सफर्ड हा बैलांचा उतार. 'बरी' आणि 'बरो' म्हणजे गढी, हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. 'चेस्टर' आणि 'कास्टर' दिसलं की रोमन लोकांची जुनी छावणी. 'बी' आणि 'थॉर्प' ही समुद्रापलीकडून आलेल्या डॅनिश-नॉर्वेजियन लोकांची भाषा, बी म्हणजे गाव आणि थॉर्प म्हणजे मोठ्या गावाला चिकटलेली वाडी, हे शब्द इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला दाट भेटतात, त्यामुळं आडनावात बी दिसला की अर्धा नकाशा आपोआप बाद होतो. आणि सुरुवातीला ट्रे, पोल, पेन असलं तर माणूस बहुतेक कॉर्नवॉलचा, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा, तिथली जुनी भाषाच वेगळी. वाफेचं इंजिन रुळावर पळवणारा रिचर्ड ट्रेविथिक तिकडचाच.

काही आडनावांत गाव नसतंच, गावातली जागा असते. झाडापाशी राहणारा, पाण्यापाशी राहणारा, टेकडीखालचा. अंडरहिल, बायवॉटर, ॲटवुड हे कळायला सोपे. नॅश मात्र बघण्यासारखा आहे. ॲश म्हणजे एक झाड, जुन्या बोलीत त्या झाडापाशी राहणाऱ्याला 'ॲटन ॲश' म्हणायचे, बोलता बोलता 'ॲटन' गळालं पण त्यातला शेवटचा न पुढच्या शब्दाला चिकटून राहिला आणि झालं नॅश. म्हणजे एक अक्षर अख्ख्या शब्दाचा पुरावा म्हणून सातशे वर्षं नावात टिकून आहे, मला तर हे वाचून अंगावर काटा आला. अशा आडनावाचं एक गाव शोधत बसू नका, ते झाड शेकडो ठिकाणी होतं.

शेपूट कळली म्हणजे काम झालं असं समजू नका, माझी पहिली मोठी चूक इथंच झाली. आजचं स्पेलिंग बघून अर्थ लावायचा नाही, जुनं स्पेलिंग शोधायचं. 'हॅम' या शेपटीत दोन वेगळे जुने शब्द मिसळून गेलेत, एक म्हणजे घर-वस्ती आणि दुसरा म्हणजे नदीच्या वळणातलं कुरण, कुठला कुठला हे जुन्या कागदाशिवाय सांगता येत नाही. आणि उच्चारावरही जाऊ नका, लेस्टर, वूस्टर, वॉरिक ही गावं लिहितात एक आणि बोलतात भलतंच, त्यामुळं कुणी आडनाव तोंडी सांगितलं तर आधी स्पेलिंग लिहून घ्या आणि जवळपासची सगळी रूपं एका कागदावर मांडा, कारण जुना कारकून कानाला आलं तसं लिहायचा. आपल्याकडं प्रतिष्ठानचं पैठण झालंच की. आणि कधी तर नावच बदलतं, निजामाच्या काळातल्या कागदात अंबाजोगाई शोधणारा माणूस मोमिनाबाद माहीत नसेल तर रिकाम्या हातानं परत येणार.

जुनं स्पेलिंग फुकटात बघायच्या दोन चांगल्या जागा आहेत. नॉटिंगहॅम विद्यापीठाची इंग्लंडच्या गावनावांची साइट आहे, गाव टाकलं की नावाचे तुकडे आणि अर्थ समोर येतो. दुसरी ओपन डूम्सडे. विल्यम राजानं 1086 मधे मुलुखाची पाहणी करून कुणाची जमीन किती, नांगर किती, कुळं किती, गिरणी आहे का, हे सगळं लिहून घेतलं, त्या वहीला डूम्सडे म्हणतात, एका अर्थानं इंग्लंडचा पहिला सातबाराच. त्यात गावाचं साडेनऊशे वर्षांपूर्वीचं रूप सापडतं. मात्र काही भाग, जसं की अगदी उत्तरेचा डरहॅम, त्या पाहणीत आलाच नव्हता, तेव्हा तिथं गाव सापडलं नाही म्हणजे गाव नव्हतंच असं धरू नका.

यानंतरची अडचण आपल्याला चांगली ओळखीची आहे, एकाच नावाची पन्नास गावं. आमच्या आईकडचे लोक देऊळगावकर. जालन्याहून जवळ म्हणून सगळे देऊळगाव राजाच धरून बसले होते, दोन पिढ्या तेच सांगत आलो. मामा त्र्यंबकेश्वरला गेले तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या वडलांची नोंद निघाली, तिथं लिहिलेलं देऊळगाव मही. गाव दुसरंच! इंग्लंडात देऊळगावला जुळणारं नाव म्हणजे कर्कबी, चर्चचं गाव, आडनावात ते कर्बी होतं, आणि कर्कबी लॉन्सडेल, कर्कबी स्टीफन, कर्कबी इन ॲशफील्ड अशी ती कितीतरी आहेत, मागं जोडनाव लावल्याशिवाय कळतच नाही. आपलं बुद्रुक आणि खुर्द फारसीतून आलं तसं त्यांचं मॅग्ना आणि पार्वा लॅटिनमधून आलं, लेस्टरशायरमधे ॲपलबी मॅग्ना आहे आणि ॲपलबी पार्वाही आहे. पण माणसाच्या आडनावात बुद्रुक येत नाही तसं मॅग्नाही सहसा येत नाही, म्हणून आडनावावरून एवढंच कळतं की यातलं कुठलंतरी एक.

मग नेमकं ठरवायचं कसं? 1881 च्या जनगणनेवरून केलेले आडनावांचे नकाशे नेटवर आहेत. आडनाव टाका आणि कुठल्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, दाट आहे बघा. पूर्वी माणूस फार लांब जात नव्हता, बाजाराचं गाव, सोयरीक, मजुरी, एवढाच घेर, त्यामुळं आडनाव मूळ गावाच्या आसपासच पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतं. जिथं दाट आहे तिथल्या जवळचं त्या नावाचं गाव हा पहिला उमेदवार धरा. नकाशावर तसं गाव सापडलं नाही तर उठलेलं गावही असू शकतं. 1348 ला प्लेग आला, नंतर जमीनदारांनी मेंढ्यांसाठी शेतं मोकळी केली, त्यात इंग्लंडातली कितीतरी गावं ओस पडली, यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सीला आज पडकं चर्च आणि गवताखालचे घरांचे उंचवटे तेवढे दिसतात. नाथसागराच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना हे सांगायला नको, गाव पाण्यात पण नाव माणसाबरोबर पुनर्वसनात. आणि काउंटीच्या हद्दी 1974 ला बदलल्यात हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडं 1981 च्या आधीच्या कागदात असई औरंगाबाद जिल्ह्यात लागते, तसंच ते.

कागद बघताना नेहमी आजपासून मागं जायचं, कधीही राजा-सरदारापासून पुढं यायचं नाही. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड-वेल्सची जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, तिची अनुक्रमणिका फ्री बीएमडी या साइटवर फुकट आहे. जनगणना दर दहा वर्षांनी, 1841 पासून नावानिशी. 1841 मधे जन्म याच काउंटीत का एवढंच विचारलंय आणि मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, म्हणून 1851 ची आवर्जून बघा, तिच्यात जन्मगाव लिहिलेलं असतं, आपल्याला तेच पाहिजे असतंय. 1837 च्या मागं गेलं की चर्चच्या वह्या. 1538 मधे राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं, आपल्या तीर्थोपाध्यायांच्या नाहीतर हेळव्यांच्या वह्यांसारख्याच या वह्या, फॅमिलीसर्च या साइटवर त्यातल्या पुष्कळ फुकट बघता येतात. त्याच्याही मागं जायचं तर कर वसुलीच्या याद्या उरतात, 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीच्या. माणूस आपल्या भागात येऊन वारलेला असेल तर भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेची यादी बघा, आणि जालन्याच्या छावणीत मद्रासची पलटण असायची त्यामुळं नुसतं मुंबईचं रजिस्टर चाळून थांबू नका, मद्रासचंही चाळा.

आणि एक कळकळीनं सांगतो, पैसे घेऊन 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह', म्हणजे घराण्याची ढालीवरची निशाणी, विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. इंग्लंडात ते चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला मिळत नाही. 1484 पासून त्यासाठी कॉलेज ऑफ आर्म्स नावाची कचेरी आहे आणि खरं काय ते तिथंच ठरतं. माझ्या एका मित्रानं परदेशी मैत्रिणीला भेट म्हणून असलं चिन्ह मागवलं, चांगली फ्रेम वगैरे, ते भलत्याच घराण्याचं निघालं, त्याला फार वाईट वाटलं.

एवढं करूनही एक गोष्ट तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ती म्हणजे आडनाव मधेच बदललं का. वॉशिंग्टनचं बघा. बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक वतनदार होता, हार्टबर्न गावचा म्हणून विल्यम द हार्टबर्न. त्यानं डरहॅमच्या बिशपशी वतनाची अदलाबदल केली, हार्टबर्न देऊन वेसिंग्टन घेतलं आणि आडनावही बदलून वेसिंग्टन लावलं. तेच पुढं वॉशिंग्टन. ती अदलाबदल झाली नसती तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज हार्टबर्न असतं! आपल्याकडंही सकपाळांचं आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि शाळेत आंबेडकर झालं, ते नाव आज सगळ्या जगाला माहीत आहे.

आता वेलस्ली. शेपूट 'ली', म्हणजे रान तोडून केलेली जागा. पुढचा तुकडा वेल्सचा, आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट काउंटीत वेल्स नावाचं गाव खरंच आहे, तिथल्या झऱ्यांवरून नाव पडलेलं, ते झरे आजही बिशपच्या वाड्याच्या बागेत वाहतात. म्हणजे वेल्स ही आपली झरी, परभणीजवळ आहे तशी, आणि त्या झरीलगतचं तोडलेलं रान म्हणजे वेलस्ली. तिथलं घराणं मध्ययुगातच आयर्लंडला गेलं, म्हणजे गाव सुटलं आणि नाव बरोबर गेलं, पहिला नियम तंतोतंत. आयर्लंडात बोलता बोलता वेलस्लीचं वेस्ली झालं. 1728 ला मीथ काउंटीतला गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारला आणि इस्टेट गेली नात्यातल्या रिचर्ड कॉलीकडं, त्यानं वेस्ली आडनाव लावलं. आर्थर हा त्या रिचर्डचा नातू, 1769 चा जन्म, आयर्लंडातलाच. फेब्रुवारी 1797 ला कलकत्त्याला उतरला तेव्हा तो सही करायचा वेस्ली. 1798 मधे थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला, त्याच वर्षी घराण्यानं जुनं लांब स्पेलिंग परत आणलं, आणि म्हणून पाच वर्षांनी असईला लढला तो वेलस्ली.

पुढचं तर अजूनच वेगळं. 1809 ला त्याला सरदारकी मिळाली तेव्हा तो स्पेनात लढत होता, किताब कुठल्या गावचा घ्यायचा हे भाऊ विल्यमनं ठरवलं, सॉमरसेटमधलं जुन्या वेलस्लीपासून फार लांब नसलेलं आणि नावाला जुळणारं एक गाव निवडलं, वेलिंग्टन. घराण्याचा त्या गावाशी तोवर काही संबंध नव्हता. आणि मग त्याच्या नावावरून न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन झाली, निलगिरीतली छावणीही वेलिंग्टनच. पण अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्समधलं वेलस्ली गाव दिसलं की लगेच याच घराण्याला जोडू नका, ते तिथल्या एका बाईच्या माहेरच्या 'वेल्स' आडनावावरून आलेलं आहे, घराण्याशी काही घेणंदेणं नाही.

हे सगळं एका वहीत गावांच्या नावांनिशी लिहून काढलं आणि गेल्या दिवाळीत असईला जाऊन बाबांना वाचून दाखवलं. झरी कळली, रान कळलं, मान हलवत होते. मग म्हटलं, पण बाबा, त्याच्या आजोबाचं जन्माचं आडनाव कॉली होतं बरं का, कॉलींचा गड किल्डेअर काउंटीत कार्बरीला, इस्टेटीसाठी आजोबानं वेस्ली लावलं. बाबांनी तंबाखू थुंकून तोंड पुसलं आणि म्हणाले, "मंग दत्तक म्हण की सरळ. झरीचा नाही त्यो, कार्बरीचा."